मावशीच्या तपासणीत सापडलेली माझी गाठ

यजमान गेल्यावर मी देवाशी भांडले नाही. नुसतं बोलणं बंद केलं. त्यांच्या स्वादुपिंडातली गाठ सीटी स्कॅनमध्ये दिसली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचलेली होती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी कळलं असतं तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. त्या आजारपणात मी तीन पारायणं केली होती. ते गेले त्यानंतर पोथी कापडात बांधून कपाटात वर ठेवली. सकाळ-संध्याकाळ दिवा लावत होते, पण तो घरात अंधार बरा दिसत नाही म्हणून. हात जोडताना मनात काही नसायचं. तक्रारसुद्धा नाही. अशी तीन वर्षं गेली.

मी कामशेतला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. डोंगरातल्या ठाकरवाडीवरची ठकूमावशी दर आठवड्याला बाजाराला उतरते आणि माझ्या दारात रानभाजी देऊन जाते. एवढीच आमची ओळख. एकदा ती भाजी न आणता आली. जेवल्यावर पोटात उजव्या बाजूला दुखतं म्हणून सरकारी दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली होती. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, ह्ये कुटं करत्यात? माज्यासंगं येती का?" यजमानांच्या आजारानंतर अशा जागी पाऊल ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. जायचं मनात नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडेना. दुसऱ्या दिवशी मी तिला लोणावळ्याला घेऊन गेले.

आत गेल्यावर मावशीनं ते टेबल पाहिलं, पडद्याचं यंत्र पाहिलं आणि ती दाराशीच उभी राहिली. डॉक्टरीण तरुण होती, स्वभावानं मोकळी. तिनं सांगितलं, सुई नाही, कापाकापी नाही, पोटावर नुसतं फिरवायचं. मावशी हलेना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आदी तू झोप. तुला काय झालं न्हाई तर मी झोपती."

मी अवघडले. डॉक्टरीण मात्र हसली. "झोपा हो बाई, दोन मिनिटं. त्यांची भीती जाईल."

मी झोपले. पोटावर गार चिकट औषध लागलं. डॉक्टरीण मावशीला दाखवत होती, "हे बघा, हे यांचं लिव्हर. हे पित्ताशय. दुखतंय का बाई? सांगा त्यांना." मी म्हणाले, "काही दुखत नाही मावशी." पुढे ती म्हणाली, "आणि ही किडनी..." आणि थांबली. हात त्याच जागी राहिला. मला कुशीवर वळायला सांगितलं. श्वास घेऊन धरून ठेवायला सांगितलं. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. ही शांतता माझ्या ओळखीची होती. यजमानांच्या वेळी मी ती दाराबाहेर उभी राहून ऐकली होती.

उजव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी गाठ होती. "पाण्याची असती तर वेगळी दिसली असती. ही भरीव वाटते," ती म्हणाली. "पण सोनोग्राफीवर याहून जास्त सांगता येत नाही. रक्तात औषध सोडून सीटी करावा लागेल." मला कसलाच त्रास नव्हता. दुखणं नाही, ताप नाही, लघवीतून रक्त नाही. मी उठून बसले, पदर सारखा केला. मावशी आपणहून टेबलावर चढली. तिच्या पित्ताशयात खडे निघाले.

सीटी स्कॅनला माझी मुलगी सोबत होती, पण आत मी एकटीच. शिरेतून औषध सोडल्यावर अंगभर ऊब पसरली, घशापासून थेट ओटीपोटापर्यंत. यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज हिंदीत सांगत होता, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. अशाच टेबलावर यजमान झोपले होते. त्यांना काय वाटलं असेल, ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. एकदा श्वास रोखलेला असताना माझ्या मनात आलं, तुला जे दिसायचं असेल ते दिसू दे. हे मी यंत्राला म्हणाले की देवाला, नक्की सांगता येणार नाही. तीन वर्षांत मी पहिल्यांदा मनातल्या मनात कुणाला तरी 'तू' म्हणाले होते आणि काही मागितलं नव्हतं. मग आवाज म्हणाला, सोडा. मी श्वास सोडला.

गाठ औषध ओढून घेत होती, म्हणजे लक्षण चांगलं नव्हतं. पण ती मूत्रपिंडातच होती. शिरेत नाही, आजूबाजूच्या ग्रंथींत नाही, यकृत स्वच्छ. पुण्याला शस्त्रक्रिया झाली. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढला, बाकीचं मूत्रपिंड राखलं. तपासणीत ती कर्करोगाचीच निघाली, पण काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या होत्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं. सर्जन म्हणाले, "त्रास सुरू होईपर्यंत थांबला असतात तर गोष्ट वेगळी असती. तपासणी करायचं कसं सुचलं?" मी त्यांना मावशीचं सांगितलं.

चालण्याइतकं बळ आल्यावर मी वाडीवर गेले. मावशीचंही ऑपरेशन झालं होतं, ती अंगणात नाचणी पाखडत बसली होती. मी म्हणाले, "मावशी, तुमच्यामुळं मी वाचले. देवच तुमच्या तोंडून बोलला."

तिनं सूप खाली ठेवलं. "न्हाई गं बाई. मला लय भ्या वाटत व्हतं. म्हनलं, ही शिकल्याली हाय. यंत्रानं हिला काय केलंच, तर डाक्टर हिला तरी सांभाळतील. माज्याकडं कोन बघतंय?"

मी इतकी हसले की टाक्यांची जागा ओढली गेली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण ती खरं बोलत होती. तिला भीती वाटली, मला नाही म्हणता आलं नाही, डॉक्टरिणीला गंमत सुचली. यात चमत्कार कुठे, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. यजमानांच्या वेळी मी इतकं मागितलं आणि मिळालं नाही, यावेळी न मागता मिळालं, याचाही हिशोब मला लागत नाही. तो लावायचं मी सोडून दिलं आहे. दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो. झोप म्हणतात तेव्हा झोपते, श्वास रोख म्हणतात तेव्हा रोखते. काय दिसायचं ते माझ्या हातात नाही, हे आता मला टोचत नाही.

निघताना मी उभी राहिले आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"ह्ये कुनाला?" मावशीनं विचारलं.

मी हात तसेच राहू दिले.