कापसाच्या खोलीतली कॅसेट

बी. ए. झाल्यावर मी वडनेरला घरी परत आले आणि घरातच राहिले. आमच्याकडे माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला वर्ध्याला होस्टेलात ठेवलं म्हणून बाबांनी दोन्ही काकांची बोलणी खाल्ली होती. त्याची जाणीव मला तेव्हाही होती, आजही आहे. पण पदवी घेऊन आलेल्या मुलीनं गावात करायचं काय? मी भाकरी थापत होते, आलेल्यांना पाणी देत होते आणि मला पाहायला येणाऱ्यांची वाट पाहत होते. दोन वर्षं अशी गेली. एकटीनं बाहेर पडायची मुभा फक्त मंगळवारची, देवळातल्या भजनापुरती.

तिथे मी गायचे. माझ्या मोठ्या भावानं, दादानं, हिंगणघाटच्या एका दुकानात चिठ्ठी लावलेली पाहिली. नागपूरच्या एका कॅसेटवाल्याला भजनांसाठी बाईचा नवा आवाज हवा होता. येऊन गाऊन दाखवा, नाहीतर कॅसेट पाठवा, असं त्यात होतं.

"नागपूरच्या दुकानात जाऊन गाणार? नाई," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "घरून पाठवतो म्हणत असशील तं पाठव. त्यायले पसंत पडलं तं मी स्वतः घेऊन जाईन."

बाबा शब्द मोडत नसत. म्हणजे माझी सगळी वाट आता एका कॅसेटमधून जात होती.

दादानं ओळखीच्या एका मास्तरांचा टेपरेकॉर्डर आठ दिवसांसाठी मागून आणला. त्याला वायरचा वेगळा माइक होता. पहिल्या दिवशी पुढच्या खोलीत गायले. ऐकलं तर आवाज घागरीत तोंड घालून गायल्यासारखा. वर टिनाचं छप्पर, खाली फरशी, प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत होता, आणि मध्येच हैदराबाद रोडवरच्या ट्रकचा हॉर्न. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बसले. तिथे मी वरच्या पट्टीत गेले की फळीवरची पितळी भांडी सोबत वाजायची.

वहिनीनं पदर तोंडाला लावून ऐकलं. नणंद म्हणून ती मला बाईच म्हणायची. "बाई, रागावू नको. पण हे तं तेरवीचं भजन वाटून राह्यलं."

मला हसू आलं नाही. रेडिओवरच्या बायकांचा आवाज कसा कानाशी येऊन बोलल्यासारखा असतो, तसा माझा का येत नाही हेच कळत नव्हतं. गळा तोच होता. देवळात लोक डोळे मिटून ऐकायचे.

वहिनीच म्हणाली, "कापसाच्या खोलीत बस. तिथं रडलं तरी बाहेर ऐकू येत नाई."

"तुले कसं माहीत?"

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्या दिवसांत मागची खोली वेचलेल्या कापसानं आढ्यापर्यंत भरलेली असे. खरेदी केंद्रावर गाडीचा नंबर लागेपर्यंत तो तिथेच राहायचा. आम्ही दाराजवळचा कापूस उकरून एका माणसापुरता खड्डा केला. मी त्यात मांडी घालून बसले. तिन्ही बाजूंनी कापूस, डोक्यावर झुकलेला कापूस, समोर दार. खोली सामानाची, त्यामुळे आतून कडी नव्हती. दार नुसतं लोटलं की वाऱ्यानं वाजायचं, म्हणून वहिनीनं बाहेरून कडी घातली.

पहिल्यांदा ती कडी पडली आणि मी गायला सुरुवात केली. स्वतःचा आवाज तोंडातून निघताच नाहीसा होत होता. गाते आहे की नुसते ओठ हलवते आहे, तेही कळेना. सरकीचा उग्र वास, नाकात तंतू, जानेवारीतही पाठीवर घाम. मी वहिनीला हाका मारल्या. ती दाराबाहेर तीन हातांवर गहू निवडत होती, तिला ऐकू गेलं नाही. कॅसेटची एक बाजू संपेल या अंदाजानं तिनं कडी काढली, तोपर्यंत मी तशीच बसून होते.

पण ऐकलं तेव्हा घुमणं गेलं होतं.

मग मी सोडलं नाही. दुपारी लाइन गेली की समोरची पिठाची गिरणी बंद पडे, तेव्हा सेलवर टेप लावायचा. 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर फटकारा बसायचा, म्हणून चाळणीवर जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून ती मध्ये धरली. माइक तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला. खोकला येऊ नये म्हणून जिभेखाली ज्येष्ठमध. चौथ्या दुपारी भजन न अडखळता पूर्ण झालं.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन ओसरीवर बसले होते. दादानं कॅसेट लावली. बाबा मान हलवत ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "चांगली आहे. कोणाची कॅसेट आणली?"

"बाबा, हे आपल्याच बाईचं आहे," वहिनी आतून म्हणाली.

बाबांनी पुन्हा लावायला सांगितली. या वेळी मान हलली नाही. ते माझ्याकडे नाही, टेपकडे पाहत होते.

"मले वाटलं होतं, घरात काय येईन असा आवाज," ते हळूच म्हणाले. "हे ऐकून तं ते बोलावतीनच."

त्यांनी परवानगी कशाच्या भरवशावर दिली होती, ते मला तेव्हा कळलं.

"मी शब्द देल्ला आहे. तू म्हणशीन तं उद्या सकाळी मीच पोस्टात टाकतो. तुह्या काकायचं मी पाहून घेईन. मंग तुह्यासाठी कोणी दारात नाई आलं, तं तेही पाहून घेईन." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकेल आहे, माय. तूच सांग."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते. निदान रडले असते. पण माझ्यासाठी एकदा भावांशी वैर घेतलेला तो माणूस, दुसऱ्यांदा घ्यायला तयार होऊन, थकलेल्या डोळ्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

"राहू द्या, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान खाली घातली. सुटका झाल्यासारखी.

वहिनी भांडी घासायच्या जागी मला गाठून म्हणाली, "काऊन म्हटलं वं तसं? चार दिवस तुले कोंडून मी काय येड्यासारखी बाहेर बसली होती?"

"त्यांनी माझ्यासाठी किती केलं, वहिनी."

"केलं ना. मंग?"

मी खाली बसून भांडी विसळायला घेतली. ती राख घेऊन पातेलं घासत राहिली, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचा राग योग्य होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.