पाठीचा आडोसा

हिवाळ्यात तळी-कालवे गोठणाऱ्या फ्रिसलंडमध्ये जन्मून स्केट्सवर बर्फावरून घसरता न येणारा बाप्या आमच्या गावात एकच, वोब्बे हुकेमा, नळ दुरुस्त करणारा. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. बाप मालाच्या होडीवर. कालवा गोठला की होडी अडकायची आणि चूल थंड पडायची. सगळा गाव बर्फासाठी देव पाण्यात घालून बसायचा, तेव्हा हे एक घर बर्फाला शिव्या मोजायचं.

आणि बायको मिळाली कोण, तर फ्रौक्ये. तळं गोठलं की तिचा पाय घरात ठरत नसे. आमच्याकडे लांबवर जायचं तर दोघं मिळून एक लाकडी दांडा धरतात. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या पाठीच्या आडोशाने जातो. गावातल्या बायका नवऱ्यांच्या मागे असत. फ्रौक्ये असे धाकट्या भावाच्या, हिल्केच्या मागे.

"येतोस का रे?" ती दर हिवाळ्यात विचारायची.

"गुडघा धरलाय," हा दर हिवाळ्यात सांगायचा.

"दाजी, तुमचा गुडघा बरा बर्फ बघून धरतो," हिल्के म्हणायचा. "छपरावर चढताना कुठे असतो?"

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण दांडा धरून लांब जाणारी ती दोघं दिसली की वोब्बे ती दिसेनाशी होईपर्यंत काठावर उभा राहायचा. पुढची पाठ आपली असायला हवी होती, एवढं त्याला कळत होतं.

वोब्बेच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. त्याने गुपचूप जुने स्केट्स मिळवले, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि मेंढ्यांच्या कुरणातलं लहान तळं गाठलं. खुर्ची ढकलत शिकायचं, ही इथे चार वर्षांच्या पोरांची रीत. पहिल्या दिवशी तो इतका आपटला की बसायची पंचाईत. तिसऱ्या दिवशी खुर्ची सोडून दहा पावलं गेला. सहाव्या दिवशी तळं सरळ पार केलं.

नेमकी त्याच आठवड्यात फ्रौक्ये घरी बसली. हिल्के बोलवायला आला तर म्हणाली, "सर्दी झालीय, तू जा." जन्मात बर्फ न चुकवलेली बाई. वोब्बे वैतागला. आता हिच्या डोळ्यांदेखत खुर्ची न्यायची कशी?

"लोकांचे नळ फुटलेत," तो म्हणाला. "वरचे आहेत. चढायला खुर्ची लागते."

"ने की," ती म्हणाली.

सातव्या दिवशी सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. पण वळताना अजून तोल जात होता. अर्धवट काय दाखवायचं? आणखी दोन दिवस, मग दांडा घेऊनच तिच्यापुढे उभा राहतो, असे मनातले मांडे. आठव्या दिवशी पाऊस आला. बर्फ गेला तो पुढचे चार हिवाळे फिरकला नाही. तेव्हा तरी बोलायचं होतं ना बाबा. पण नाही, पुढच्या बर्फाला बघू.

चौथ्या हिवाळ्यात फ्रौक्येच्या अंगावरून वारं गेलं. उजवा पाय कायमचा लुळा पडला.

पाचव्या वर्षी तळं गोठलं. वोब्बेने तिला घोंगडीत गुंडाळून त्याच खुर्चीवर बसवलं, आपल्या पायांना स्केट्स बांधले आणि मागून ढकलायला लागला. हा कधी शिकला, याचं तिला नवल दिसेना. अर्ध्यात आल्यावर एवढंच म्हणाली, "वारा तोंडावर येतोय."

तो थांबला. लांब मफलर खुर्चीला बांधला, दुसरं टोक हातात घेतलं आणि पुढे होऊन ओढू लागला.

"आता?"

"आता नाही लागत." मग खुर्चीवर हात फिरवत म्हणाली, "त्या वर्षी खुर्चीचे पाय रोज ओले असायचे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सर्दी कुठली आलीय मला? स्केट्सना धार लावून दारामागे ठेवले होते. तू बोलावशील म्हणून आठ दिवस बसून राहिले."

वोब्बेने मागे पाहिलं नाही. "मला नीट वळता येत नव्हतं गं."

"मला कुठे वळायचं होतं?" ती म्हणाली. "सरळ गेलो असतो."

पुढे काठ आला. तो वेडावाकडा वळला, खुर्ची थोडी हेलकावली, पण कुणी पडलं नाही. या एवढ्या वळणासाठी आपण तेव्हा थांबलो, असं त्याच्या मनात आलं, आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच तो रडला.