निळा ड्रम आणि खडवलीची भाजीवाली

अन्याय झाला तो खडवलीहून डोंबिवलीत भाजी विकायला येणाऱ्या एका बाईवर. मंगळवारी, सकाळी साडेदहा वाजता, एका सोसायटीच्या फाटकात. आणि तो मी केला. तो मंगळवार मी विसरलेलो नाही. विसरायचा मला हक्कही नाही.

निवृत्त म्हणवून घ्यावं असं माझं वय नाही. आठ वर्षं फौजदारकी केली, राजीनामा दिला, आणि आता घरी भाजी पिकवा असं सांगणारी पत्रकं वाटत फिरतो. पत्रकात जे छापत नाही ते इथे लिहितो.

त्या मंगळवारच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून आमच्या पोलीस ठाण्याला वर्दी आली. त्याच सोसायटीतल्या सत्तरीच्या एक काकू, उलट्या, दरदरून घाम, शुद्ध हरपलेली, विषबाधेचा संशय. स्टेशन डायरीला नोंद झाली आणि तपास माझ्याकडे आला. काकूंनी दुपारी मेथीचा घोळाणा खाल्ला होता. कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट. घरात एकट्या त्यांनीच खाल्ला होता.

मंगळवारी सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. फाटकात बसते त्या बाईचीच मेथी असणार, नाल्याच्या पाण्यावरची भाजी खडवलीची म्हणून खपवते, आत्ता बसलीय, लगेच या. काकूंच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, आमच्या गच्चीतल्या भाजीवर आम्ही काही मारत नाही, तिच्यात काय असणार; हे बाहेरचंच. मला तेवढं पुरलं. घरचं ते शुद्ध, बाहेरचं ते विषारी, हे आपण इतकं पक्कं धरून चालतो की पोलिसालाही पुरावा लागत नाही.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हा नियम मला पाठ होता. तरी तिला गाडीत बसवलं. सोबत महिला शिपाई घेतली, म्हणजे झालं सगळं कायद्याने. टोपली मुद्देमाल म्हणून उचलली. वर बाल्कन्या भरल्या होत्या, लोक फोटो काढत होते, मी कोणाला अडवलं नाही. गाडी ठाण्यात पोचायच्या आत तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. खाली लिहिलेलं, 'विषारी भाजीवाली पकडली'.

संध्याकाळी सहाला घरी सोडेपर्यंत ती ठाण्यातल्या बाकड्यावर होती. तेच प्रश्न मी उलटसुलट विचारत राहिलो. माल कुठला, पाणी कुठलं, फवारलंस काय. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तपशील वाढवत जातो. ही बाई दर वेळी कमी बोलत गेली. मी त्याला निर्ढावलेपण समजलो.

"सायब, काकू माझी भाजी घेतच नाहीत आता," ती मध्येच म्हणाली. "महिना झाला. मेथीचं बी माझ्याकडनंच नेलं. म्हणाल्या, आता घरचंच खाणार, तुला सुट्टी."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते राहू द्या, पुढचं घ्या."

सबंध तपास त्या न लिहिलेल्या वाक्यात होता.

गुरुवारी काकू शुद्धीवर आल्या. मी जबाबाला गेलो आणि सांगितलं की भाजीवालीला आम्ही पकडलं होतं. त्यांना आधी कळेचना.

"तिला कशाला? मेथी माझी होती हो. मी स्वतः खुडली, गच्चीतच ड्रमातल्या पाण्यात धुतली."

तासाभरात पंच घेऊन गच्चीवर. मेथी, मिरच्या, अळू, सगळं नीटनेटकं. कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम. आपल्याकडे कारखान्यांच्या पट्ट्यातल्या भंगारवाल्यांकडे असे ड्रम हवे तेवढे मिळतात. मुलाने तिथूनच आणला होता. हवालदारांनी तो आडवा केला. बुडाला अर्धवट खरवडलेलं लेबल होतं, त्यावर कवटीची खूण.

"साबणाने तीनदा घासला होता साहेब," मुलगा म्हणाला.

भंगारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मी ड्रम विकतो साहेब, मेथी नाय विकत."

पुढे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आला. ड्रमात आणि गच्चीतल्या मेथीत कीटकनाशकाचा अंश. टोपलीतल्या भाजीत काही नाही. काकू बऱ्या झाल्या, मुलावर गुन्हा दाखल करायला कोणी तयार नव्हतं, आणि भंगारवाल्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. कागद बंद झाला. सोसायटीत हे जाहीर करा, बोर्डावर लावा, असं मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, कशाला उगाच. विषय संपला." आणि मी जाऊ दिलं. वर्दीच्या जोरावर एका बाईला गाडीत घालता आलं. त्याच वर्दीला एक कागद चिकटवून घेता आला नाही.

फाटकातली तिची जागा रिकामीच राहिली. महिन्याने मी साध्या कपड्यात खडवलीला तिच्या घरी गेलो. सांगितलं की तुझ्यावर काही नाही, तू सुटलीस. तिने पाणी दिलं. अंगणात मेथीचा वाफा होता, बकऱ्या त्यातच शिरून खात होत्या आणि ती त्यांना हाकलत नव्हती.

"सायब, आलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "पण हे इथं मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. तिथं फाटकात सांगायचं होतंत."

मी मान हलवली. बदली झाली, मग राजीनामा, आणि फाटकात मी कधीच बोललो नाही. भीती वगैरे नव्हती. लाज वाटत होती, इतकंच.

भाजी घरी जरूर पिकवा, मीच तसं सांगत फिरतो. पण आज गच्चीवर जा आणि तुमचा ड्रम उलटा करून बूड बघा. लेबल खरवडलेलं असेल तर भोकं पाडून तो निकालात काढा, दुसऱ्याला देऊ नका. आणि तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या बाईचा किंवा तिच्यासारख्या कोणाचा फोटो असेल, तर पुसून मोकळे होऊ नका. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, आपलं चुकलं म्हणून लिहा. मग खाली उतरा आणि तेच फाटकात उभं राहून मोठ्याने सांगा.