क्लच कुणी दाबायचा?

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. ते सीट बेल्ट लावून स्वतःच शेजारी येऊन बसतात! सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या स्कूलमध्ये मी गाडी शिकवते आणि मालक सलीमचाचा गाड्यांची डागडुजी बघतात. तक्रार मात्र बहुतेक एकच येते, "मॅडम, गियर पडत न्हाई!" गियरबॉक्स आजवर आम्ही एकदाच उघडला. बाकी सगळ्या वेळी तो बिचारा निर्दोष सुटला.

*

एक साहेब नव्या गाडीची पूजा करून निघाले आणि गेटातच अडकले. फर्स्ट पडेना, रिव्हर्सही पडेना. शोरूमवाल्यांना शिव्या घालून झाल्यावर त्यांचा आम्हाला फोन आला. चाचांनी जाऊन खाली वाकून पाहिलं, तर पूजेचा नारळ घरंगळत क्लचच्या पेडलखाली जाऊन बसला होता.

"दिसला नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"दिसला की. पण देवाच्या नारळाला पाय कसा लावायचा? म्हणून क्लच जरा जपूनच दाबत होतो."

चाचांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून डॅशबोर्डवर ठेवला.

"साब, हा आजच फोडा. न्हाईतर हा तुमचा गियरबॉक्स फोडंल!"

*

आमच्याकडे शिकून गेलेल्या एका पोराने लग्नाला जायला मेहुण्याची नवी गाडी नेली. मलकापुरात चहाला थांबला आणि तिथून चाचांना फोन केला.

"चाचा, गियर हलंना."

"क्लच पुरा दाब."

खाली वाकून चाचपल्याची खुडबुड ऐकू आली. मग घाबरलेला आवाज आला, "चाचा, क्लच न्हाईच! मी चहा पीत हुतो तवर कुणीतरी काढून नेला!"

गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नसतोच आणि ब्रेक दाबल्याशिवाय तिचा गियर हलत नाही. चाचा हे समजावून सांगत होते, पण तो मध्येच म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या. आधी पोलिसात जाऊ का मेव्हण्याला सांगू?"

तिथवर गाडी चालवत कसा गेला, हे आम्ही विचारलं. घरातून निघताना गाडी मेहुण्यानेच चालू करून, गियर टाकून दिली होती! वाटेत गियर गाडीच आपोआप बदलत होती, त्यामुळे क्लचची आठवणच झाली नाही म्हणे.

*

रिव्हर्स टाकताना नॉबखालची रिंग वर उचलायची असते, हे एका गुरुजींना ठाऊक नव्हतं. त्यांची गाडी स्वतःच्याच फाटकात तोंड घालून उभी राहिली आणि गुरुजी रिक्षाने शाळेत जाऊ लागले. आम्हाला का नाही कळवलं, असं विचारलं तर म्हणाले, "दारात छान दिसत होती हो!"

*

आता कमलाक्का. आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातल्या. नवऱ्याच्या, म्हणजे आप्पांच्या इलाजासाठी सांगलीत भाड्याने राहिलेल्या. आप्पांनी उभा जन्म ट्रक चालवला आणि साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली. हौसेने घेतलेली गाडी दारात उभी, आणि मिरजेच्या दवाखान्यात जायला दर वेळी पुतण्याच्या विनवण्या.

"एकदा त्यो आलाच न्हाई," कमलाक्का मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "पायरीवर बसून लय रडले मी. ह्यांना दिसत न्हाई म्हणून बरं."

आप्पांचं म्हणणं वेगळंच होतं. "म्या हिच्या शेजारी बसू? त्यापरीस एस्टीनं उभा जाईन!"

आमच्या गाडीत कमलाक्का झकास शिकल्या. आणि एक दिवस फोन आला, "मॅडम, घरच्या गाडीचा गियर पडंना!"

आम्ही गेलो. चाचांनी टाकला, पडला. कमलाक्कांनी टाकला, घर्रर्र! चाचांनी त्यांच्या पायाकडे पाहिलं. डावा पाय पेडलच्या वर नुसताच अधांतरी.

"बाई, क्लच?"

"त्यो मॅडम दाबत्यात की!"

खरं होतं. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही क्लच असतो. शिकणाऱ्याचा हात गियरकडे गेला की माझा पाय आपोआप खाली जातो. चाचा माझ्याकडे वळले. "लायसन कुणाचं काढायचं हाय? तिचं का तुझं?"

पुढचे सगळे धडे मी सीटवर मांडी घालून शिकवले!

*

कमलाक्कांना लायसन्स मिळालं. आप्पांचा हेका मात्र सुटला नव्हता, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटायचं.

मग एका सकाळी स्कूलच्या दारात हॉर्न वाजला. कमलाक्का स्टिअरिंगवर. शेजारी काळा चष्मा लावलेले आप्पा, मान ताठ, तोंडावर हसू नाही.

"मिरजेला निघालोय. चौकापातूर बसा की मॅडम!"

मी मागे बसले. कमलाक्कांनी गाडी काढली. पहिला अलगद पडला. इंजिनचा आवाज चढला, दुसराही लोण्यासारखा पडला. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणून मी सुखावले. सहज पुढे वाकून पाहिलं. कमलाक्कांचा डावा पाय क्लचवर होता. आणि आप्पांचा डावा पाय चप्पलेसकट समोरच्या मॅटवर, जोर लावून दाबलेला.

"मॅडम," आप्पा मान न वळवता म्हणाले, "हिला क्लच दाबाय शिकवा जरा. घरापासनं मीच दाबत आलोय. पाय भरून आला माझा!"

कमलाक्कांनी आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं.

"आवं, दाबा," त्या म्हणाल्या. "तिसरा टाकायचाय."