बाबांनी केलेलं बाळंतपण

धाकट्या भावाचा फोन सकाळी आला तेव्हा मी डबा भरत होते. "बाबा गेले," एवढंच तो म्हणाला... मी गॅस बंद केला आणि मग उगाचच तो डबा पूर्ण भरला. माहेरी, अल्लीपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकाच जास्त रडत होत्या. शेजारच्या काकूंनी मला पोटाशी धरलं. "तुह्या बापानं केलं तसं बाळंतपण बाईलेही जमत नाई, माय," त्या म्हणाल्या. बाप समोर निजलेला, आणि मी मान खाली घातली. दुःखानं नव्हे, शरमेनं.

भाऊ झाला तेव्हा मी शाळेत जाऊ लागले होते. आईला आई नव्हती, बाबांची आईही कधीच गेलेली. दाईनं नाळ कापली, दोन दिवस येऊन गेली आणि मग यायची थांबली. पुढचं सगळं बाबांनी केलं. बाजेखाली शेगडी ठेवायची, आईची कंबर शेकायची, अळिवाची खीर करायची, बाळाला लांब केलेल्या पायांवर पालथं घेऊन न्हाऊ घालायचं, मग ओव्याची धुरी. बाळंत्यांची बादली घेऊन ते भर दिवसा, सगळ्यांदेखत विहिरीवर जायचे. गावानं त्यांना 'सुईणबाई' नाव ठेवलं. ते हसून ओ द्यायचे. शाळेत पोरी मला त्या नावानं चिडवायच्या, आणि मला राग त्यांचा नाही, बाबांचा यायचा. तो राग मी लग्नानंतरही जपून ठेवला, जणू काही दागिनाच होता.

माझ्या पहिल्या खेपेला आई हयात नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बाबा हौसेनं तयारीला लागले. मी संकोचले आहे असं त्यांना वाटलं असावं. "तुह्या अंगाले तेल लावाले एक बाई पाहू," ते म्हणाले. "लेकराचं न् खाण्याचं माह्यावर सोड."

मी सासरी सांगून टाकलं की माहेरी करणारं कोणी नाही. तिथेच, वर्ध्याला, बाई लावली. बाबांना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "काऊन वं बाई, माह्या हातचं चालत नाई काय?" लोक हसतील, असं मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. भावाच्या हाती एसटीनं डिंकाचे लाडू तेवढे पाठवले.

बारशाला ते धुतलेलं धोतर नेसून आले. घरच्या बाळंतपणाचं काही बोलू नका, असं मी त्यांना दारातच बजावलं. मुलगी सकाळपासून रडत होती. लावलेली बाई थकली, सासूबाई थकल्या, आणि कुणीतरी आजोबा म्हणून तिला बाबांच्या हातात दिलं. ते सतरंजीवर बसलेले. त्यांनी पाय लांब केले, तिला नडग्यांवर पालथं घातलं आणि तळहात पाठीवरून हळूहळू फिरवला. ती ढेकर देऊन गप्प झाली. बैठकीतले पुरुष बघतच राहिले.

"कुठं शिकले जी हे, इवाई?" माझ्या सासऱ्यांनी आपल्या व्याह्यांना खरंच कौतुकानं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाय आखडून घेतले.

"शिकतो कायचं जी," ते म्हणाले. "वासरं सांभाळली जिंदगीभर. लेकरू न् वासरू सारखंच."

सगळे हसले. मीही हसले.