पाहुण्याला 'जा' म्हणालो

हे लिहायला मला इतकी वर्षं लागली त्याचं कारण भीती नाही... लाज आहे. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि साताऱ्याच्या आमच्या घरात नवस, उतारा, कौल सगळं बंद झालं. वडील म्हणायचे, "कारण सापडत न्हाई तर गप बसावं, देव घुसडू नये." मी त्याच घरचा. वर कॉम्प्युटरवाला! तेव्हा वाचून हसलात तरी माझी तक्रार नाही.

१९९९ साल, दिवाळी नुकतीच झालेली. मी सांगलीत नोकरीला आणि राहायला कुपवाडला, थोरल्या बहिणीकडे. दाजींचं खाली पॅटर्न शॉप होतं, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने ते बनवायचे. वर घर. तिथंच कोपऱ्यात माझा पीसी. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यात लिनक्स टाकलेलं, आणि लिनक्सच्या आत विंडोज चालवणारं एक नवंकोरं सॉफ्टवेअर. अक्काला समजावताना म्हटलं, "लिनक्स यजमान, विंडोज पाहुणा." झालं! तेव्हापासून विंडोजचं नाव पाव्हणा. "पाव्हणं उठलं का?" म्हणून ती रोज चिडवायची.

दाजींचं ड्रॉइंग या पाहुण्यातच होतं. इस्लामपूरकडच्या एका गिऱ्हाइकाच्या जुन्या पंपाचा आतला पंखा... तुटक्या तुकड्यांवरून मापं घेत आम्ही दोघांनी कितीतरी रविवार त्यात घातले होते. तुकडे नंतर भंगारात गेले. "फ्लॉपीवर काढून ठेव रं," दाजी म्हणाले होते. मी म्हटलं, "दाजी, हे लिनक्स आहे. इथं काही उडत नाही."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! गिऱ्हाईक दुपारी ड्रॉइंग बघून ऑर्डर पक्की करणार होतं, आणि मी त्याच सकाळी हौसेनं कर्नल बदलला. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. पाहुणा चालू होईना. म्हटलं, सॉफ्टवेअर काढून परत टाकू. काढल्यावर मागं राहिलेली डिरेक्टरी, म्हणजे त्याचं फोल्डरही मी हातानं पुसलं आणि वैतागून ओरडलो, "जा बाबा एकदाचा!"

एंटर दाबल्यावर लक्षात आलं. पाहुण्याची अख्खी डिस्क म्हणजे एकच मोठी फाइल, आणि ती त्याच डिरेक्टरीत होती... विंडोज, आणि दाजींचं ड्रॉइंगसुद्धा. मोकळी जागा तपासली. बरोब्बर तेवढीच वाढलेली.

दाजींना सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी सॉफ्टवेअर परत टाकत बसलो, कारण हात चालू असले की तोंड उघडावं लागत नाही. तेही धड जमेना. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, कर्नलमध्ये बसेना. ते बनवायला लागणाऱ्या हेडर फाइली जुन्या कर्नलच्या निघाल्या, त्या बदलल्या. मॉड्यूल तयार झालं, पण कर्नल ते घेईना. मशीन बंद करून चालू केलं... पुन्हा तीच एरर.

अक्का चहा घेऊन आली. "त्वांड का उतरलंय रं?"

मी सांगून टाकलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"मग! जा म्हणलास की तू त्येला. सैपाकघरात ऐकलं मी. आरं, दारातनं जाताना आपुन सोता 'येतो' म्हणतो, आन तू पाव्हण्याला 'जा' म्हणतोस व्हय? कसा यील त्यो? आदी 'या' म्हण!"

कप ठेवून ती खाली दाजींचा चहा द्यायला गेली.

आता लाजेची गोष्ट. मी जिन्याकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि मॉनिटरपुढे हात जोडले. खरोखर जोडले. "या पाहुणे. चुकलं माझं." कानाच्या पाळ्या तापल्या. मग काहीही न बदलता तीच कमांड पुन्हा दिली.

मॉड्यूल बसलं. चला, योगायोग म्हणू. पण सॉफ्टवेअरची खिडकी उघडली, विंडोज सुरू झालं, आणि समोर दाजींचं ड्रॉइंग! डिरेक्टरी बघितली तर पुसलेली फाइल जागच्या जागी, आणि तिच्यावरची वेळ मी पुसल्यानंतरची.

दुपारी गिऱ्हाईक आलं, ड्रॉइंग बघून खूश झालं, ऑर्डर पक्की झाली. दाजींनी विचारलं, "सकाळी कायतरी बिघडलं हुतं म्हणं?" मी तोंड उघडायच्या आत अक्का गिऱ्हाइकादेखत म्हणाली, "आमच्या सुध्यानं केलं की नीट. लय हुशार हाय."

मित्र म्हणतात, दुसरीच डिरेक्टरी पुसली असशील. पण त्या हार्डडिस्कवर एवढी मोठी दुसरी फाइल मावायला जागाच नव्हती. नंतर मी मुद्दाम फाइली पुसून बघितल्या, अगदी तशाच. एकही परत आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात धीर करून अक्काला विचारलं, "तुला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं का गं?"

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आरं येड्या, थट्टा केली मी तुजी! तुजं त्वांड बगवंना म्हणून." मग हसू थांबवून माझ्याकडे निरखून बघितलं. "का रं? म्हणलास का काय तू 'या'?"

"छे," मी म्हणालो.