आधी भाजलेली गोडंबी

वडिलांच्या तोंडाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. डावा गाल बधिर होता आणि कॅन्सरसाठी किरणांचा शेक घेतल्यापासून चव गेली होती. मधले पाच आठवडे त्यांच्या नाकातून पोटात नळी होती. ती काढली त्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं, की ती परत घालायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, की वजन बेचाळीसच्या खाली गेलं तर घालावीच लागेल. तेव्हा वजन त्रेचाळीस होतं.

आहार सांगणाऱ्या बाईंनी शेंगदाण्याचं बटर सुचवलं. थोड्या घासात जास्त ताकद जाते, असं त्यांचं म्हणणं. मी चंद्रपूरच्या दुकानातून बाटली आणली. वडिलांनी अर्धा चमचा तोंडात घेतला आणि बराच वेळ जीभ फिरवत राहिले.

"हे तं खळ हाय," ते म्हणाले. "पोस्टर चिपकवाची."

मग मी घरी करायला लागलो. दाणे मंद आचेवर भाजायचे, गार झाले की सालं पाखडायची आणि मिक्सरच्या लहान भांड्यात घालायचे. आधी कूट होतं. मग ते भांड्याच्या कडांना चिकटून बसतं आणि आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं. मिक्सर तापतो, थांबावं लागतं. चार-पाच वेळा असं केल्यावर तेल सुटतं आणि कूट एकदम पातळ होऊन वाहायला लागतं. त्यात गूळ, सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ आणि सैल करायला तूप. पहिल्या खेपेला गुळाचे खडे राहिले आणि वडिलांच्या गालाला टोचले. नंतर मी गूळ चाळून घेऊ लागलो. दोन आठवड्यांत वजन चव्वेचाळीसवर गेलं.

एके सकाळी वडील म्हणाले, "गोडंबीचं करून पाय ना. थे चव कळन मले."

गोडंबी म्हणजे बिब्याच्या आतला गर. बिब्याच्या टरफलातलं काळं तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, फोड येतात. आतला गर मात्र गोड असतो. आमच्याकडे हिवाळ्यात तो डिंकाच्या लाडवांत घालतात. वडिलांची सगळी नोकरी जंगलखात्याच्या लाकूड डेपोत झाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांना तिथेच लागला आणि जंगलातून येणाऱ्या बायकांकडून गोडंबी घेऊन खाण्याची सवयही तिथलीच. तीन महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली खायची वस्तू होती.

मी चामोर्शीच्या बाजारात गेलो. गोडंबी विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईची बोटं पेरांपर्यंत काळी होती. कशासाठी हवी, असं तिने विचारलं. मी सांगितलं. तशी ती म्हणाली,

"आधी राखेत चोळजा, भाऊ. साल काढून एकेक पाहा. काळं दिसलं का फेका. मंग भाजा."

मी ते वहीत लिहून घेतलं. वीस वर्षं वर्तमानपत्रात काम केल्यामुळे समोरच्याचं बोलणं लिहून घ्यायची सवय आहे.

घरी राख नव्हती. चूल जाऊन कित्येक वर्षं झाली आहेत. बायकोने शेजारून राख आणू का, असं विचारलं. मी नको म्हणालो. दाण्यांची सालं भाजल्यावर सहज निघतात, तशीच हीही निघतील, असा माझा हिशेब होता. मी गोडंबी आधी भाजली. काही सालं निघाली, काही चिकटून राहिली, आणि जी राहिली ती सगळी सारखीच काळपट झाली. उजेडात ताट धरून मी चार गोडंब्या वेचून टाकल्या. बाकीची तीन खेपांत वाटली. पहिल्या खेपेतला चमचाभर स्वतः खाऊन पाहिला. तो चांगला लागला. पुढच्या दोन खेपा मी चाखल्या नाहीत. तिन्ही एकाच बरणीत गेल्या.

वडिलांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले.

"आली," ते म्हणाले.

चव आली, असं त्यांना म्हणायचं होतं. त्या दिवशी त्यांनी तीन चमचे खाल्ले. दुसऱ्या दिवशी बरणी स्वतःच जवळ घेऊन बसले. मी बायकोला म्हणालो, की आता नळीचा प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या हाताची बोटं खाजायला लागली. दुपारपर्यंत बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड आले. बायकोने हात उलटा करून पाहिला.

"हे बिबा उतला हाय," ती म्हणाली. "बाबाचं तोंड पाहा आधी."

वडिलांच्या ओठाची उजवी बाजू सुजली होती. ते त्यांना कळत होतं, पण ते बोलले नव्हते. डाव्या गालाच्या आत टॉर्च मारला तर कातडी पांढरी होऊन सुटलेली दिसली. तिथे त्यांना काहीच कळत नव्हतं. एरवी गोडंबी खाणारा माणूस दाताखाली जरा चरचरलं की थुंकून मोकळा होतो. मिक्सरने खराब गोडंबी वेगळी थुंकता येण्याची सोय ठेवली नव्हती, आणि वडिलांकडे चरचर कळणारा गाल नव्हता.

पुढचे आठ दिवस नारळाचं दूध, तेही चमच्याने, निम्मं बाहेर सांडत. दवाखान्यातल्या काट्यावर वजन एक्केचाळीस भरलं.

डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि काय खाल्लं होतं, असं विचारलं. मी सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात वडिलांनी माझं मनगट धरलं.

"मीच तिखट खाल्लो. येले नाई माईत."

डॉक्टर त्यांच्यावर रागावले. एवढं सांगूनही ऐकत नाही, मुलाने किती करायचं, असं म्हणाले. वडील मान खाली घालून ऐकत होते. खरं कारण कळलं तर औषध वेगळं दिलं जाईल का, हे मला माहीत नव्हतं. ते विचारण्यासाठी आधी खरं सांगावं लागलं असतं. केसपेपरवर ओळ लिहिली गेली: रुग्णाने घरच्यांच्या नकळत तिखट खाल्ले. त्याच दुपारी नळी घातली. घालताना त्यांनी हाताने पलंगाची दांडी धरून ठेवली होती.

तोंडाची जखम भरली. नळी अजून आहे. दर पंधरा दिवसांनी आम्ही जातो. बहुतेक वेळा नवीन डॉक्टर असतात. ते केसपेपर पहिल्यापासून वाचतात, त्या ओळीवर थांबतात आणि वडिलांना म्हणतात, "आजोबा, आता तिखट नाही ना खात?"

वडील माझ्याकडे न पाहता नाही म्हणून मान हलवतात.